रिडेव्हलपमेंटला घर चाललंय, सामान ठेवायच्या जागेचं भाडं महिना ६-७ हजार सांगतायत, एवढं असतं का?

अबोली_कोथरूड

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, पण गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही म्हणून सगळं सविस्तरच लिहिते.

आमची सोसायटी १९८७ ची, तळ अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. पाच-सहा वर्षं रिडेव्हलपमेंट होणार होणार चाललं होतं ते आता खरंच होतंय आणि बिल्डरने दिवाळीनंतर घरं रिकामी करायला सांगितलीत. नवीन घर द्यायला ३० महिने आणि वर ६ महिने ग्रेस, म्हणजे आम्ही ३ वर्षं धरूनच चाललोय. भाड्यापोटी महिना २८ हजार देणार आणि शिफ्टिंगचे एकदाच २५ हजार, असं ड्राफ्टमध्ये आहे, सह्या अजून व्हायच्यात.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. मुलगा आत्ता नववीत, पुढच्या वर्षी दहावी, शाळा चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे एरिया सोडायचा नाही एवढं पक्कं. पण आमच्या गल्लीतल्याच चार बिल्डिंगा एकदम पाडायला निघाल्यात आणि सगळेच आसपास घर शोधतायत, त्यामुळे २बीएचके ३३ हजाराच्या खाली कोणी बोलतच नाही. १बीएचके २३ ला मिळतोय. म्हणून असं ठरवलं की १बीएचके घ्यायचा आणि जे मावणार नाही ते कुठेतरी भाड्याने जागा घेऊन ठेवायचं.

तीन ठिकाणी विचारलं. वाघोलीच्या बाजूला एक कंपनी आहे, ते २बीएचकेचं सामान म्हणून महिना ५,८०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणतायत, न्यायचे ९,५०० वेगळे. दुसरे स्क्वेअर फुटावर सांगतात, ६५ रुपये फूट आणि तुम्हाला १०० फूट तरी लागेल म्हणाले, म्हणजे ६,५०० आणि जीएसटी धरून ७,६७०. तिसरे एक गृहस्थ आहेत, सिंहगड रोडला विठ्ठलवाडीच्या खालच्या अंगाला त्यांचं गोडाऊन आहे, त्यातला एक कोपरा ४ हजाराला देतो म्हणाले, कॅश, पावती नाही, किल्ली त्यांच्याकडेच.

सामान म्हणाल तर सोफा, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल, सासूबाईंचा सागवानी पलंग, दोन लोखंडी कपाटं, एक प्लायवूडचं वॉर्डरोब, शिवणमशीन, तांब्या-पितळेची भांडी दोन मोठ्या ट्रंका भरून (घंगाळ आणि बंबसुद्धा आहे), आणि सासऱ्यांची पुस्तकं. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. पुस्तकं साधारण नऊशे असतील, आणि त्यांची पेटी (हार्मोनियम). ते रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे, सासूबाई अजून दर गुरुवारी ती पुसून ठेवतात. त्यामुळे "द्या टाकून" असं कोणी सांगू नका प्लीज, ते माझ्याच्याने होणार नाही.

एवढं भाडं खरंच असतं का, का आम्हाला जास्त सांगतायत? आणि कोणी ठेवलं असेल तर सामान कसं परत मिळालं?


डोंबिवली_ईस्ट

ताई, आम्ही ठेवलं होतं. बिल्डिंग डोंबिवलीला, सामान भिवंडीकडच्या गोडाऊनमध्ये. बिल्डरने १८ महिने सांगितले होते, लागले २६.

भाडं ४,२०० पासून सुरू झालं, त्यावर जीएसटी म्हणजे ४,९५६. अ‍ॅग्रीमेंटमध्ये दरवर्षी १० टक्के वाढ होती ती मी वाचली होती पण १८ महिन्यांत काय फरक पडतो म्हणून सोडून दिली. २६ महिन्यांत नुसतं भाडंच १ लाख ३७ हजार गेलं. न्यायचे ११ हजार, आणायचे १४,५००, कारण आणताना नवीन बिल्डिंगची सर्व्हिस लिफ्ट चालू नव्हती आणि हमालांनी मजल्याप्रमाणे पैसे लावले. मधे तीनदा जाऊन काही ना काही काढून आणलं त्याचे दरवेळी ५०० व्हिजिट चार्ज. सगळं मिळून १ लाख ६४ हजाराला गेलं.

आणि सामान कसं मिळालं विचारताय तर सांगतो. आम्ही दोन पावसाळे धरले होते आणि ते झालेही दोनच, पण दुसऱ्या पावसाळ्यात पत्रा कुठेतरी गळला असणार. खोक्याची टेप सोडवली आणि उचलायला गेलो तर खालचा पुठ्ठा हातातच आला, ओला पापड उचलल्यासारखा. आत आईच्या हातची गोधडी होती. तिच्यावर मोहरीएवढे काळे ठिपके, आणि वास असा की बायको जिना उतरून खाली जाऊन उभी राहिली. तीन वेळा धुतली, चार दिवस गच्चीत कडक उन्हात टाकली, वास गेला पण ठिपके नाही गेले. अजून तीच पांघरतो. पार्टिकल बोर्डचं कपाट फुगून त्याची दारं लागेनात, ते तिथूनच भंगारात दिलं. गाद्या दोन्ही फेकल्या. लोखंडी कपाट, पितळेची भांडी, स्टीलचे डबे, सागवानी टेबल यांना काहीच झालं नाही, नुसती धूळ.

क्लेम मागितला तर म्हणाले ओल, बुरशी, वाळवी आणि उंदीर इन्शुरन्समध्ये बसत नाही. कागद काढून बघितला तर खरंच तसं लिहिलेलं होतं, आणि आगीचा आणि चोरीचा विमा होता. आमच्याकडे आग लागली नाही न् चोरी झाली नाही.


निवृत्त_बँकवाली

अगं अबोली, भाडं जास्त की कमी हे बाजूला ठेव आणि आधी एक साधा हिशोब कर, मी कागदावर करून बघितला.

१बीएचके २३ हजार. त्यात वाघोलीवाल्यांचे ६,८४४ घाल. झाले २९,८४४. जायचा-यायचा खर्च साधारण २२-२५ हजार धर, तो ३६ महिन्यांत वाटला तर महिन्याला सहा-सातशे. म्हणजे साडेतीस हजार. आणि २बीएचके ३३ ला. फरक राहिला अडीच हजाराचा. त्या अडीच हजारासाठी चार माणसं एका बेडरूममध्ये, मुलगा दहावीला, सासूबाई हॉलमध्ये झोपणार, त्यांना पहाटे लवकर उठायची सवय असणार, आणि सगळं सामान २० किलोमीटरवर कुलपात.

वर डोंबिवलीवाल्यांनी सांगितलं तशी १० टक्के वाढ धरलीस तर तीन वर्षांत नुसतं गोडाऊनचं भाडं २ लाख ७२ हजाराच्या घरात जातं (६,८४४ च्या बारा महिन्यांचे ८२,१२८, पुढच्या वर्षी त्याच्यावर १० टक्के, तिसऱ्या वर्षी परत १०). घरभाडंही दरवर्षी वाढेल हे खरं, पण ते दोन्हीकडे वाढणार.

ज्यांना सहा महिने किंवा वर्षभर परदेशी जायचंय, किंवा बदली होतेय, त्यांना गोडाऊन परवडतं. तीन वर्षांसाठी मला तरी पटत नाही. आणखी एक काम कर, यादी घे आणि प्रत्येक वस्तूसमोर लिही, आज विकली तर काय येईल आणि नवीन घ्यायची तर काय पडेल. आम्ही भावाच्या घरासाठी हे केलं होतं, सोफा जागा सगळ्यात जास्त खात होता आणि त्याचे कोणी ४ हजार द्यायला तयार नव्हतं.

पुस्तकं आणि पेटी या यादीत घालू नकोस. त्यांची किंमत करायची नाही.


तळेगाव_स्टेशन

आम्ही गोडाऊनऐवजी तळेगावला एक १आरके घेतला होता सामानासाठी, ६ हजार भाडं, १५ हजार डिपॉझिट. वाटलं आपली किल्ली आपल्याकडे, केव्हाही जाता येईल. प्रत्यक्षात दीड वर्षात चार वेळा गेलो. सोसायटीने दोनदा पत्र पाठवलं की रहिवासी फ्लॅट गोडाऊन म्हणून वापरताय, त्यात मालक आमच्यावर चिडले. लाईटचं मिनिमम बिल येतच राहतं. अ‍ॅग्रीमेंट मात्र रजिस्टर केलं होतं ते बरं झालं, महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायलाच लागतं, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते (डिपॉझिटवर धरतात ते थोडं वेगळं), फार खर्च नाही.

बंद घरात ओल गोडाऊनपेक्षा जास्त धरते हे तेव्हा कळलं. खिडक्या लावलेल्या, हवा नाही. जमलं तर जवळपास ओळखीच्या कोणाची रिकामी खोली बघा, जिथे कोणी आठवड्यातून एकदा खिडकी तरी उघडेल.


पॅकिंग_लाईन

ताई, मी १६ वर्षं पॅकिंग-शिफ्टिंगच्या धंद्यात आहे, मोशीला असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, इथे गिऱ्हाईक शोधायला आलो नाही. भाडं कसं लावतात ते आतल्या बाजूने सांगतो म्हणजे तुम्हाला बोलता येईल.

पहिलं म्हणजे १०० फूट लागेल म्हणाले ते नीट विचारा. २बीएचकेचं सामान बहुतेक वेळा चौदा फुटी गाडीत बसतं. गाडीची बॉडी १४ बाय ६ बाय ६ धरा, म्हणजे ५०० घनफूट. गोडाऊनमध्ये ८ फूट उंचीपर्यंत रचलं तर त्याला साठ-पासष्ट फूट जमीन पुरते, सोफ्यावर काही ठेवता येत नाही आणि मधे हात घालायला फट लागते म्हणून ७०-७५ धरा. मग १०० कुठून आले? बऱ्याच ठिकाणी ६ फुटाच्या वर रचत नाहीत, किंवा रचतात पण बिल जमिनीच्या मापाने मोठं करतात. त्यांना सरळ विचारा किती फूट उंच रचणार आणि मोजणी सामान रचल्यावर करणार की आधी. रचल्यावर टेप लावून मोजायचं, तुमच्यासमोर. मी स्वतः तसं करतो आणि लोक खूश असतात. तुमचं तर सगळं सामान जाणारही नाही, काही १बीएचकेमध्ये राहणार. मग "२बीएचकेचं सामान" हा रेट तुम्हाला लागतोच कशाला?

दुसरं, सामान कमी केलंत तर पैसे कमी होतात ते या हिशोबात. सोफा, डायनिंग आणि वॉर्डरोब काढलं तर तुमचं ३० फुटात बसेल. ६५ च्या रेटने १,९५० आणि जीएसटी धरून २,३०१. कुठे ७,६७० आणि कुठे २,३००.

तिसरं, माळा की तळ. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये वर माळ्यावर उभं राहवत नाही एवढं तापतं, तिथे पेटी ठेवली तर भात्याचं कातडं आणि लाकूड दोन्ही जाईल. आणि तळाला ठेवायचं तर सामान जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर पाहिजे, भिंतीपासून वीतभर लांब. बघायला जाल तेव्हा पावसात जा, ऊन असताना नका जाऊ. पत्र्याला प्रकाशाचे ठिपके दिसतायत का बघा, जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या, भिंतीला मातीच्या नळ्या (ती वाळवी) आणि फायर एक्स्टिंग्विशरवर भरल्याची तारीख.

विठ्ठलवाडीच्या खालच्या अंगाला म्हणालात ते मात्र नकोच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा त्या पट्ट्यात एकतानगरीच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं, माणसांना बोटीने काढलं. तळमजल्याच्या गोडाऊनचं काय होईल ते सांगायला नको. वर पावती नाही म्हणजे उद्या ते गृहस्थ म्हणाले तुमचं सामान कुठलं, तर तुमच्याकडे काय आहे?

कागदात चार गोष्टी वाचा. एक, भाडं थकलं तर ते सामान अडवू शकतात आणि काही दिवसांनी विकू शकतात असं लिहिलेलं असतं, ते किती दिवसांनी आणि नोटीस कशी देणार ते बघा. दोन, वर्षाची वाढ किती. तीन, नुकसान झालं तर जबाबदारी किती रुपयांपर्यंत, बऱ्याच जणांनी "नगाला अमुक रुपये" अशी फार छोटी रक्कम घातलेली असते. कायद्याप्रमाणे दुसऱ्याचं सामान सांभाळायला घेतलं की स्वतःचं सामान जसं शहाणा माणूस सांभाळेल तेवढी काळजी घ्यावी लागते, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चं कलम १५१, पण भांडायला तुमच्याकडे यादी आणि फोटो पाहिजेत. चार, परत न्यायचा रेट आजच लिहून घ्या. न्यायला स्वस्त सांगतात आणि आणताना गिऱ्हाईक अडकलेलं असतं, आमच्या लाईनमधली ही वाईट सवय आहे आणि मला ती आवडत नाही म्हणून लिहितोय.

प्रत्येक खोक्यावर नंबर, आत काय ते वहीत, बंद करायच्या आधी फोटो. सिलेंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, तेल, धान्य काही ठेवायचं नाही. दागिने आणि कागदपत्रं तर नाहीच.


एडिसन_एनजे

इकडचा अनुभव थोडक्यात. आम्ही न्यू जर्सीत घर विकून दुसरं मिळेपर्यंत १० बाय १० चं युनिट घेतलं होतं. पहिला महिना १ डॉलर, मग १४९. सात महिन्यांनी १७९, परत सात महिन्यांनी २१४. कोणी विचारत नाही, ईमेल येतो नुसता. सामान हलवायला गाडी, माणसं, एक अख्खा दिवस लागतो म्हणून आपण भरत राहतो, त्यांनाही ते माहीत असतं. दोन वर्षांनी उघडलं तर आत बहुतेक अशा वस्तू होत्या की ज्यांची दोन वर्षांत एकदाही आठवण आली नव्हती. आईचा पोळपाट तेवढा मी रोज आठवायचे, तो पण त्यातच राहिला होता. जे रोज हाताला लागतं ते ठेवू नका, जागा कितीही लहान असू दे.


अबोली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. निवृत्त_बँकवाली ताई, तुमचा हिशोब रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. तो आधी म्हणाला की अडीच हजार म्हणजे पण तीन वर्षांत ९० हजार होतात. मग मुलगाच म्हणाला की बाबा, मी अभ्यास कुठे करणार. त्यावर कोणी बोललं नाही.

पॅकिंग_लाईन दादा, तुम्ही सांगितलं तसं रविवारी पावसात वाघोलीला जाऊन आलो. ऑफिस छान होतं, आतलं बघायचंय म्हटल्यावर सुपरवायझर नाही म्हणून सांगितलं. अर्धा तास थांबलो तेव्हा दाखवलं. पॅलेट होते, पण शेवटच्या रांगेतल्या खोक्यांची खालची कड ओली होऊन रंग बदललेली दिसली, मी बोट लावून बघितलं. पत्र्याचं पाणी नव्हतं, शटरच्या खालून आलेलं. परतीचा रेट लिहून द्या म्हटलं तर "त्या वेळी बघू मॅडम".

आता एक प्रश्न, सह्या व्हायच्या आहेत तर बिल्डरकडून या सामानाच्या खर्चाचं काही मागता येतं का? आणि आमच्या बिल्डिंगमधले तिघं म्हणतायत की चौघांनी मिळून नऱ्हेला एक गाळा घेऊ, १८ हजार भाडं, चौघांत साडेचार पडतील. त्याचं काय?


सोसायटी_सेक्रेटरी_होतो

मी आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये सेक्रेटरी होतो, बिबवेवाडीला. सह्या व्हायच्या आहेत तर आत्ताच वेळ आहे, नंतर कोणी ऐकत नाही.

रिडेव्हलपमेंटसाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची जी गाईडलाईन आहे (४ जुलै २०१९ चा शासन निर्णय) त्यात प्रक्रिया सांगितलीय, पण भाडं किती आणि शिफ्टिंग किती हे शेवटी सोसायटी आणि बिल्डर यांच्यात ठरतं. शिफ्टिंगचे एकदाच २५ हजार लिहिलेत ते बदलून घ्या, सामान जातं एकदा आणि येतं एकदा, म्हणजे दोन वेळचे पाहिजेत. ब्रोकरेज लिहिलंय का बघा, एक महिन्याचं भाडं ब्रोकरला जातं आणि अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं तर परत जातं. भाड्यात दरवर्षी वाढ पाहिजे, कारण मालक वाढवणार. आणि ग्रेस संपल्यावरही ताबा मिळाला नाही तर भाडं चालू राहील, शक्यतो वाढीव दराने, हे शब्द पाहिजेतच. गोडाऊनचा वेगळा खर्च कोणी बिल्डर देत नाही, आम्ही मागून बघितला होता, पण दोन वेळचं शिफ्टिंग आणि ब्रोकरेज यात तुमचे साठ-सत्तर हजार सुटतात.

आणि बिल्डरने भाड्यातून टीडीएस कापतो म्हटलं तर सांगा की एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ट्रान्झिट रेंटवर (म्हणजे बिल्डर देतो त्या भाड्यावर) टीडीएस कापायची गरज नाही असा निकाल दिलाय. आमच्याकडे आधी कापत होते.

एकट्याने मागू नका, जनरल बॉडीत मांडा आणि मिनिट्समध्ये येऊ दे.


पॅकिंग_लाईन

चौघांत गाळा चालेल, पण अ‍ॅग्रीमेंट कोणाच्या नावावर ते आधी ठरवा, बाकी तिघांनी भाडं थकवलं तर मालक त्या एकालाच धरणार. आत जमिनीवर रंगाने रेघा मारून चार भाग करा आणि एकाचं सामान दुसऱ्याच्या मागे अडकेल असं रचू नका, नाहीतर तुमचं शिवणमशीन काढायला शेजाऱ्यांचा सोफा हलवावा लागतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. एकाचं घर आधी तयार होणार, एकाचं मन बदलणार, हे पण होतं. मी अशी दोन ठिकाणं हलवलीत, एका ठिकाणी चौघं अजून एकमेकांच्या घरी जातात आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.


अबोली_कोथरूड

महिन्याभराने परत लिहितेय.

जनरल बॉडीत विषय मांडला. शिफ्टिंग दोन वेळा २५-२५ हजार मान्य झालं, ब्रोकरेज मान्य झालं, भाड्यात दुसऱ्या वर्षापासून ८ टक्के वाढ. ग्रेसनंतरच्या भाड्याबद्दल अजून घासाघीस चालू आहे, वकिलांना सांगितलंय की त्याशिवाय आम्ही सह्या करणार नाही.

घर मिळालं. शाळेच्या मागच्या गल्लीत, तळमजला, २बीएचके, ३० हजार. पुढे पार्किंग आहे, उजेड कमी येतो, म्हणून चार महिने कोणी घेतलं नव्हतं. सासूबाईंना मात्र जिना नाही याचाच आनंद झालाय, म्हणाल्या आता मी माझी माझी देवळात जाईन.

सोफा आणि वॉर्डरोब विकला, दोन्हीचे मिळून साडेआठ हजार आले. डायनिंग टेबल नवऱ्याला द्यायचं नव्हतं, त्यावरून दोन दिवस बोलाचाली झाली, शेवटी ते दिराकडे हडपसरला गेलं, वापरतील आणि परत देतील. पितळेच्या दोन्ही ट्रंका नणंदेकडे वाईला, त्यांच्या जुन्या घराला पोटमाळा आहे. घंगाळ मात्र सासूबाईंनी ठेवून घेतलं, दिवाळीत पहिली आंघोळ त्यातच म्हणून. गोडाऊन काहीच घेतलं नाही.

पुस्तकांचं सांगते. सासूबाई स्वतः बसल्या, एकेक पुस्तक हातात घेऊन. आठ दिवस लागले. साधारण पाचशे आमच्या इथल्या वाचनालयाला दिली, त्यांनी आधी यादी मागितली आणि जुनी झालेली घेतली नाहीत. चारशे ठेवलीत. ज्याच्यावर सासऱ्यांनी समासात पेन्सिलने काही लिहिलंय ते एकही दिलं नाही.

पेटी आपल्याबरोबरच येतेय. पण तळमजला आहे तर ओलीची काळजी वाटतेय, पुस्तकांना आणि पेटीला काय करू?


निवृत्त_बँकवाली

बरं झालं गं. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नकोस, आतल्या भिंतीला लाव आणि मागे चार बोटं जागा सोड. सगळ्यात खालच्या कप्प्यात पुस्तकं नको, तिथे स्टीलचे डबे ठेव. वेखंडाच्या कांड्या मलमलच्या फडक्यात बांधून प्रत्येक कप्प्यात ठेवायच्या, आमच्याकडे वडिलांपासून तेच करतात, कसर लागत नाही. डांबरगोळ्या चालतात पण सासूबाईंना वास सोसणार नाही.

पेटी रोज नाही तरी दोन दिवसांनी वाजवायची, निदान भाता तरी हलवायचा. बंद ठेवली की बिघडते. मुलाला सांग, दहावीच्या अभ्यासातून पाच मिनिटं, सूर नाही लागले तरी चालतील.


अबोली_कोथरूड

सासूबाईच वाजवतायत ताई. काल पहिल्यांदा बसल्या. मला माहीतच नव्हतं त्यांना येतं म्हणून.